कारकस

कोटेशन दीड पानाचं. वर गणपती,
खाली मौनेश पांचाळचा नंबर,
आणि पहिल्याच ओळीत शब्द: कारकस.
मी वाचलं कर्कश.
"नाही ओ ताई," तो म्हणाला, "कारकस म्हणजे पेटी.
शटर काढलं की मागं जे राहतं ते."

जुळे सोलापूर, दुसरा मजला,
नऊ बाय साडेसातचं स्वयंपाकघर.
लाइटबिलावर नाव: कलावती अंबादास गुर्रम.
ते बिल मी अजून घडी न घालता ठेवलंय.

एकवीस वर्षं शाळांचे गणवेश शिवले,
अक्कलकोट रोडच्या पत्र्याच्या शेडमध्ये.
नवा शब्द आला की मी तो उलटा करते,
आतली शिवण बघते.
कारकस, म्हणजे अस्तर.
फिलर, म्हणजे भिंत वाकडी आहे,
कळी घालावी लागणार.
ओव्हरले, बटणपट्टी काजपट्टीवर चढते तेवढं.
एज बँडिंगला मी पायपिंग म्हटलं
आणि विचारलं, मशिनची की हातानं चिकटवलेली?
तेव्हा मौनेशनं पहिल्यांदा
टेपवरून मान वर केली.

मग ती ओळ सापडली.
शटर मरीन प्लायचं, कारकस कमर्शियल.
"सगळे असंच करतात की ओ, आत कोण बघतंय?"
आमचा शेठही हेच म्हणायचा.
वरून चांगलं टेरिकॉट, खिशाला मात्र असलं कापड
की जूनमध्ये ठेवलेला कंपास
जुलैत मांडीला टोचायचा.
कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी पोराच्या मांडीला.
मी शिवलेत ते खिसे. हजारांनी.

"सिंकखाली तरी मरीन लिही," म्हटलं.
त्यानं लिहिलं. नऊ हजार चारशे वाढले.
थोडा वेळ दोघंही पंख्याकडं बघत बसलो.
मग मी लॉफ्टची दारं खोडली.
पडदा लावीन. तेवढं येतं मला.

बाथरूमच्या पानावर वॅनिटी.
पोरगी पुण्याहून फोनवर हसली,
"अगं, त्याचा अर्थ मिरवणं पण होतो."
बेसिनखाली काय मिरवायचं,
फिनेल, घासणी, जुना टॉवेल?
मौनेश म्हणाला, जमिनीवर टेकवू नका, भिंतीला टांगू,
इथलं पाणी क्षाराचं,
दोन वर्षांत पाय पांढरे होऊन फुगतात.
त्याच्या आवाजात पहिल्यांदाच
विकणं नव्हतं.

"आणि पिंप?"
"कसलं पिंप?"
"चार दिवसांनी पाणी येतं, मौनेश. तुझ्या घरी रोज येतं का?"
त्यानं कॅटलॉग मागून पुढून चाळलं.
टॉल युनिट होतं, कॉर्नर युनिट होतं,
बाटल्या उभ्या ठेवायला सहा इंचांची ट्रॉली होती.
ज्यानं हे छापलं त्याच्या नळाला
पाणी सुटायची वेळच नसणार.
शेवटी त्यानं पेन उघडलं
आणि हातानं ओळ घातली: पिंप युनिट, एक नग,
तळ नाही, शटर आहे.

निघायच्या आधी त्यानं फरशीवर खडूनं ओट्याची रेघ मारली.
तिच्या आत, भिंतीच्या बाजूला, दुसरी.
"ही स्कर्टिंग."
मला हसू आवरेना. जन्मभर स्कर्टच्या चुण्या मोजल्या.
"ही तीन इंच आत का?"
"पायाची बोटं जायला. नाहीतर ओट्याशी
वाकून उभं राहावं लागतं, कंबर धरते."

आई विड्या वळायची, बसून.
भाकरीही बसूनच थापायची.
मी शेडमधून आले की उभ्यानं सगळं उरकायचे,
भाड्याच्या खोल्यांमधल्या कडप्प्यांना पोट टेकवून.
आणि इकडं कुणी तरी, कधी तरी,
उभ्या बाईची बोटं मोजली होती,
त्याला नावही ठेवलं होतं.

चप्पल काढली. खडूच्या रेघेत
पाऊल सरकवून बघितलं.
अंगठा बाहेर राहिला.

"साडेतीन कर," म्हटलं.